सरकारी समजून भलत्याच वेबसाईटला पैसे भरले, आता परत कसे मिळवायचे

"भाऊजी, माझ्या हातनं चूक झाली" असं म्हणत वहिनींचा फोन आला तेव्हा आवाज इतका बसलेला होता की मला वाटलं घरात कोणाला तरी दवाखान्यात नेलंय. वहिनी सांगलीत विश्रामबागला राहतात, घरी कांदा-लसूण मसाला आणि हळद करून विकतात, धंदा वाढवायचा म्हणून बँकेत मुद्रा लोनचं विचारायला गेल्या तर साहेब म्हणाले उद्यम सर्टिफिकेट, म्हणजे छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीचं, घेऊन या. घरी येऊन मोबाईलवर सर्च केलं, सगळ्यात वर आलेली लिंक उघडली, तिरंगी पट्टी, अशोकस्तंभासारखं चित्र, मोठ्या अक्षरात नोंदणी वगैरे, म्हणून आधार पॅन सगळं भरलं आणि यूपीआयने २,४९९ रुपये गेले. दोन दिवसांनी सर्टिफिकेट मेलवर आलं पण. तिसऱ्या दिवशी एका मुलाचा फोन, मॅडम आता फूड लायसनचे साडेचार हजार भरा नाहीतर उद्यम रद्द होईल, तेव्हा कुठे त्यांना शंका आली.

उद्यम नोंदणी पूर्ण फुकट आहे. १ जुलै २०२० पासून ती सुरू आहे, सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर स्वतः भरायची, फी शून्य, आणि रिन्यूअल नावाचा प्रकारच नाही. म्हणजे सरकार जे फुकट देतं त्याचे अडीच हजार घेतले आणि वर भीती घातली.

पैसे परत मिळाले, सगळे, पण सव्वीस दिवस लागले आणि त्यात मला जे कळलं ते लिहितोय कारण आपल्याकडे बहुतेक लोक पहिल्या दाराशीच अडकतात, बँकेत जातात, बँकेतला माणूस विचारतो पिन कोणी टाकला, आपण म्हणतो मी, तो म्हणतो मग काही होणार नाही, आणि आपण घरी येऊन गप्प बसतो. पिन मी टाकला हे खरंच आहे, पण म्हणून पैसे गेले असं नाही, फक्त तक्रार वेगळ्या शब्दांत करावी लागते.

आधी बघा तुमचा प्रकार कोणता

दोन प्रकार असतात. एक म्हणजे सरळ चोर. वेबसाईट खोटी, पैसे गेले, काहीच आलं नाही, फोन बंद, किंवा पैसे कुठल्यातरी व्यक्तीच्या नावाच्या खात्यात गेलेत. दुसरा म्हणजे वहिनींसारखा, एक खासगी कंपनी सरकारी वेष घालून बसलेली, तळाला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की आम्ही सरकारी नाही, आम्ही सल्ला देणारी खासगी संस्था आहोत, काम करतात पण फुकटच्या किंवा स्वस्तातल्या कामाचे भरमसाठ पैसे घेतात. पहिल्यात पोलीस आणि वेळ महत्त्वाची, दुसऱ्यात ग्राहक कायदा आणि पेमेंट कंपनी. कुठला ते कळत नसेल तर पहिला धरून चाला, कारण त्यात घाई लागते.

सेवा केंद्रात जाऊन फॉर्म भरला आणि त्यांनी दरपत्रकाप्रमाणे चार्ज घेतला तर ती फसवणूक नाही, त्या माणसाने मेहनत केली आणि मी सरकार आहे असं तो म्हणाला नाही.

पहिल्या तासात

पैसे जाऊन काही तासच झालेत आणि प्रकार चोरीचा वाटतोय तर हे वाचत बसू नका, आधी १९३० ला फोन लावा. ही केंद्र सरकारची आर्थिक सायबर फसवणुकीची हेल्पलाईन आहे, २०२१ पासून चालू आहे, फोन केल्यावर ते ज्या बँकेत पैसे गेले तिला कळवतात आणि पैसे तिथेच असतील तर ते होल्ड करता येतात. पैसे पुढच्या खात्यात आणि तिथनं अजून पुढे सरकत जातात म्हणून तासांना किंमत आहे. लाईन बिझी लागली तर परत परत लावा, आणि दरम्यान घरातल्या दुसऱ्या कोणीतरी सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर फायनान्शियल फ्रॉडमध्ये तक्रार भरायला घ्या. जवळ ठेवायचं ते हे, बँकेचं नाव, रक्कम, तारीख, वेळ आणि यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक, जो ॲपमध्ये यूटीआर किंवा यूपीआय ट्रान्झॅक्शन आयडी म्हणून दिसतो. तक्रार झाली की पावती क्रमांक मिळतो, तो नुसता फोनमध्ये न ठेवता कागदावर लिहून ठेवा, पुढे बँकेत, पोलिसात, सगळीकडे तोच विचारतात.

त्याच तासात कार्डचा नंबर दिला असेल तर कार्ड ब्लॉक करा, बँकेच्या ॲपमधनं एका मिनिटात होतं. आणि एक गोष्ट जवळपास कोणीच बघत नाही, यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे नावाचा भाग असतो तो उघडा. अशा काही वेबसाईट्स पैसे घेताना दर महिन्याची किंवा वर्षाची परवानगी पण काढून घेतात. ओळखीची नसलेली परवानगी दिसली की लगेच रद्द.

पुरावे, वेबसाईट गायब व्हायच्या आत

हे काम कंटाळवाणं आहे पण सगळी केस यावर उभी राहते. वेबसाईट परत उघडा, लॉगिन करायचं नाही, पैसे भरायचे नाहीत, नुसती उघडायची. वरचा पूर्ण पत्ता दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. पहिलं पान, जिथे चित्र आणि तिरंगा आहे ते, जिथे फी लिहिलीये ते, रिफंड पॉलिसीचं पान, आणि तळाची ती बारीक अक्षरं. मोबाईलमध्ये शेअर करून प्रिंट असा पर्याय येतो तिथनं अख्खं पान पीडीएफ म्हणून सेव्ह होतं, ते स्क्रीनशॉटपेक्षा बरं. सर्चमध्ये ती जाहिरात अजून दिसत असेल तर तिचाही फोटो, कारण जाहिरातीच्या मथळ्यात सरकारी पोर्टल असल्यासारखं लिहिलेलं असेल तर तो तुमचा सगळ्यात मजबूत पुरावा आहे. खरी सरकारी वेबसाईट उघडून तिथली खरी फी, किंवा फी नाही असं जिथे लिहिलंय, त्याचाही स्क्रीनशॉट शेजारी ठेवा. दोन्ही शेजारी ठेवले की कोणालाही बघताक्षणी समजतं.

फोन आले असतील तर तारीख वेळ नंबर लिहा. मेसेज काहीही डिलीट करू नका, अगदी राग आला तरी.

पैसे नेमके कोणाकडे गेले

वेबसाईटचं नाव एक, बँक स्टेटमेंटवर नाव दुसरंच, असं असतं. स्टेटमेंटमध्ये त्या एन्ट्रीसमोर जे नाव आहे ते बघा. बऱ्याचदा तिथे कंपनीच्या नावाबरोबर पेमेंट गेटवेचं नाव असतं, म्हणजे जी कंपनी वेबसाईटच्या वतीने पैसे गोळा करते ती. पेमेंट झाल्यावर आलेला मेल उघडा, त्यातही खाली गेटवेचं नाव आणि पेमेंट आयडी असतो.

बिल आलं असेल आणि त्यावर जीएसटी नंबर असेल तर फार बरं झालं. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर सर्च टॅक्सपेअर असा पर्याय आहे, लॉगिन लागत नाही, नंबर टाकला की कंपनीचं कायदेशीर नाव आणि पत्ता येतो. वहिनींच्या बिलावरच्या नंबरवरनं आम्हाला दुसऱ्या राज्यातला पत्ता मिळाला आणि पुढे सगळ्या तक्रारीत तेच नाव घातलं, वेबसाईटच्या नावाने तक्रार केली असती तर ती कोणावर टाकायची हेच कळलं नसतं.

कंपनीला मेल, फोन नाही

फोनवर बोलायचं नाही. फोनवर ती मुलं फार गोड बोलतात, मॅनेजरशी बोलतो म्हणतात आणि आठवडा घालवतात. लेखी पाहिजे. ई-कॉमर्सचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम आहेत, त्यात ऑनलाईन सेवा विकणाऱ्याला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याने ४८ तासात तक्रारीची पोच द्यायची आणि एक महिन्यात निकाली काढायची. म्हणून मेलच्या वर तक्रार अधिकाऱ्यास असंच लिहायचं. आम्ही साधारण असं लिहिलं होतं:

"मी अमुक तारखेला तुमच्या वेबसाईटवर २,४९९ रुपये भरले. जाहिरात, रंगसंगती, चिन्ह आणि मजकूर यावरून ही सरकारी वेबसाईट आहे असा माझा समज करून देण्यात आला. ही नोंदणी सरकारी पोर्टलवर विनामूल्य आहे हे पैसे घेण्याआधी मला ठळकपणे सांगितलं नाही. ही दिशाभूल करणारी जाहिरात आणि अनुचित व्यापार प्रथा आहे. पूर्ण रक्कम सात दिवसांत मूळ खात्यात परत करावी. माझ्या कागदपत्रांच्या प्रती नष्ट करून तसं लेखी कळवावं. तसं न झाल्यास मी पेमेंट गेटवे, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, सायबर पोलीस आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जात आहे."

शिवीगाळ नको, धमकी नको. हाच मेल पुढे सगळीकडे जोडायचा आहे, उद्या तो आयोगातला माणूस वाचणार आहे असं समजून लिहा. उत्तर येईलच की सर्व्हिस दिली आहे सबब रिफंड नाही. येऊ दे, ते पण जपून ठेवा, त्या उत्तराची वाट बघत मात्र थांबू नका, पुढची दारं त्याच दिवशी वाजवा.

बँकेत काय म्हणायचं

इथे शब्दाला फार किंमत आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला असा नियम केला, तुमच्या परवानगीशिवाय खात्यातनं पैसे गेले, चूक तुमची किंवा बँकेची नसून तिसऱ्याची असली आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. लोक हाच नियम ऐकून जातात आणि म्हणतात मी व्यवहार केलाच नाही. तसं खोटं बोलू नका. तुम्ही पिन टाकलाय, बँकेकडे नोंद आहे, एकदा खोटं पडलं की बाकीचं खरं पण कोणी ऐकत नाही. हा नियम तुम्हाला लागू होतो तो नंतर तुमच्या नकळत अजून पैसे गेले तर.

तुम्ही म्हणायचं, व्यवहार मी केला, पण दिशाभूल करून करवून घेतला आणि जी सेवा सांगितली ती तशी नव्हती. डेबिट किंवा क्रेडिट कार्डने भरले असतील तर डिस्प्यूट फॉर्म मागा आणि चार्जबॅक हा शब्द वापरा. काऊंटरवरच्या नवीन मुलाला माहीत नसेल तर शाखाधिकाऱ्यांना भेटा किंवा कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन करा. चार्जबॅकमध्ये तुमची बँक दुकानदाराच्या बँकेकडे पैसे परत मागते आणि सेवा नीट दिली हे त्यांना सिद्ध करावं लागतं. कार्ड कंपन्यांची मुदत साधारण १२० दिवस धरतात पण बँका आतली मुदत कमी ठेवतात, म्हणून पहिल्याच आठवड्यात द्या.

यूपीआयने भरले असतील तर ज्या ॲपमधनं भरले त्यातच त्या व्यवहारावर बोट ठेवून मदत किंवा डिस्प्यूट उघडा. तिथे दाद लागली नाही तर तुमची बँक आणि मग एनपीसीआयच्या, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेच्या, वेबसाईटवरचा तक्रार फॉर्म. कारण निवडताना व्यवहार यशस्वी पण वस्तू किंवा सेवा मिळाली नाही अशा अर्थाचा पर्याय असतो, त्यात तुमचं म्हणणं बसत असेल तरच तो घ्या. वहिनींना सर्टिफिकेट मिळालं होतं त्यामुळे यूपीआयच्या बाजूने आमचं काही झालं नाही, तक्रार बंद झाली. हे मुद्दाम सांगतोय, एक दार बंद झालं म्हणून आमचं मन खचलं होतं पण पैसे दुसऱ्या दारातनं आले.

सहकारी बँकेत खातं असेल तर अर्ज मराठीत लिहून दोन प्रती न्या आणि एका प्रतीवर पोच म्हणून शिक्का तारीख घ्याच. आपल्याकडे ओळखीवर तोंडी काम चालतं, साहेब म्हणतात बघतो, पण पुढे तीस दिवस मोजायचे असतात ते त्या शिक्क्यावरनं.

गेटवे, जिथनं आमचं काम झालं

पेमेंट गेटवेवर रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत, त्यांना तक्रार निवारणासाठी अधिकारी ठेवावा लागतो आणि त्याचा पत्ता वेबसाईटवर द्यावा लागतो. वेबसाईटच्या तळाला ग्रिव्हन्स असं शोधा. त्यांना पेमेंट आयडी, दोन्ही वेबसाईटचे शेजारी शेजारी स्क्रीनशॉट आणि कंपनीला केलेला मेल पाठवा, आणि स्पष्ट लिहा की तुमचा हा मर्चंट सरकारी असल्याचा आभास करून पैसे घेतोय. असे पाच-दहा मेल आले की गेटवे त्या मर्चंटचे पैसे अडवू शकतो, आणि त्या कंपनीचा रोजचा धंदाच तिथनं चालतो, त्यामुळे अडीच हजारासाठी ते तिथे वाद घालत बसत नाहीत. आम्ही मेल केल्यावर बाराव्या दिवशी वहिनींना फोन आला, हजार रुपये देतो तक्रार मागे घ्या. वहिनींनी नाही म्हणून सांगितलं, मला तेव्हा वाटलं होतं घ्यावेत की काय, पण त्या म्हणाल्या फुकटच्या कामाचे पंधराशे मी का सोडू. बरोबर होतं त्यांचं.

पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय कुठलीही तक्रार बंद करू नका. आधी बंद करा मग रिफंड टाकतो, हे ऐकायचंच नाही.

१९१५

त्याच दिवशी १९१५ ला फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, मराठीत बोलता येतं. पोर्टल आणि व्हॉट्सॲपवरनं पण तक्रार घेतात. ते कंपनीला कळवतात आणि समझोता घडवायचा प्रयत्न करतात, निकाल द्यायचा अधिकार त्यांना नाही, पण कंपनीला सरकारी खात्याकडनं पत्र गेलं याचा फरक पडतो. तक्रारीत दिशाभूल करणारी जाहिरात आणि अनुचित व्यापार प्रथा हे शब्द घाला, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात या दोन्हींची व्याख्या आहे. आणि आज भरलं नाही तर रद्द होईल अशी घाई केली असेल तर तेही लिहा, ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नवर, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या वेबसाईटच्या युक्त्यांवर, केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली आहेत त्यात अशी खोटी घाई करणं धरलेलं आहे.

पोलिसात जाताना

आपल्या सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांत सायबर पोलीस ठाणं आहे. चोरीचा प्रकार असेल तर जायचंच, पावती क्रमांक, स्टेटमेंट, आधारची प्रत आणि स्क्रीनशॉटच्या प्रिंट घेऊन. कंपनीवाल्या प्रकारात कधी कधी हा दिवाणी मामला आहे असं सांगतात, तेव्हा राजचिन्हाचा किंवा सरकारी नावाचा वापर झालाय हा मुद्दा मांडा, राजचिन्हाच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. वहिनींच्या वेबसाईटवरचं चित्र मुद्दाम थोडं वेगळं काढलेलं होतं, म्हणून चित्र नीट निरखून मगच हा मुद्दा घ्या. होल्ड झालेली रक्कम परत मिळायला कोर्टाचा आदेश लागू शकतो, तेव्हा तपास अधिकाऱ्यांनाच अर्ज कसा करायचा ते विचारा.

महिना होऊन गेला तरी काही नाही

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटणारं दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार होते, सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन वर, फी नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार झालेली असली पाहिजे, म्हणून तो शिक्का.

कंपनीविरुद्ध शेवटचं दार म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी दिल्लीची असो नाहीतर कुठलीही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे साताऱ्यात किंवा सांगलीत, तक्रार करता येते. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर कोर्ट फी शून्य, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षं, आणि ऑनलाईन दाखल करता येते. रक्कम दोन-अडीच हजार असेल तर एवढं करावं का हा प्रत्येकाचा प्रश्न, माझं मत विचाराल तर आधी आयोगात जाण्याची नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवा, जीएसटीवरनं मिळालेल्या पत्त्यावर.

दुसऱ्यांदा फसू नका

हे सगळ्यात कळकळीने सांगतोय. पैसे गेलेला माणूस घाबरलेला असतो आणि नेटवर रिफंड कसा मिळवायचा शोधतो, तिथे दुसरे टपलेले असतात. कस्टमर केअरचा नंबर सर्चमधनं कधी घेऊ नका, पासबुकवरचा, कार्डावरचा किंवा ॲपमधलाच घ्या. रिफंडसाठी स्क्रीन दाखवणारं ॲप टाका म्हटलं की फोन ठेवा. पैसे यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन मागितला म्हणजे पैसे जाणार आहेत. आणि आधी प्रोसेसिंग फी भरा मग पैसे काढून देतो म्हणणारा एजंट, वकील, पोलीस, कोणीही असो, त्याला एक रुपया देऊ नका.

कागदपत्रं तर गेलीच आहेत, त्याचं काय

आधारचे बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या ॲपवरनं लॉक करा, अडचण आली तर १९४७ वर फोन. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं, अनोळखी नंबर असेल तर तिथेच कळवा. तीन-चार महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढून बघा, आपल्या नावावर कोणी कर्ज घेतलं असेल तर त्यात दिसतं.

उद्यमवाल्यांनी अजून एक बघायचं. अशा कंपन्या फॉर्ममध्ये मोबाईल नंबर आणि मेल स्वतःचा टाकतात, म्हणजे पुढे लॉगिनचा ओटीपी त्यांच्याकडे जातो आणि तुम्ही कायम त्यांच्यावर अवलंबून. सर्टिफिकेट उघडून त्यावरचा नंबर तपासा. तुमचा नसेल तर जिल्हा उद्योग केंद्रात जा, दुरुस्ती कशी करायची ते तिथे विचारा, पोर्टलवर अपडेटचा पर्याय आहे.

पुढच्या वेळी ओळखायचं कसं

पत्त्यात सुरुवातीचं एचटीटीपीएस आणि त्याच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी काय आहे ते बघा, तिथे डॉट गव्ह डॉट इन किंवा डॉट एनआयसी डॉट इन असेल तर सरकारी. मधे कुठेतरी गव्ह हा शब्द घुसवून शेवट दुसराच असेल तर नाही. पण हा नियम शंभर टक्के चालत नाही हे पण माहीत असू द्या, पॅनचं काम सरकारने नेमलेल्या दोन संस्थांच्या वेबसाईटवर होतं आणि त्यांचे पत्ते गव्ह डॉट इन ने संपत नाहीत. एचएसआरपी, म्हणजे गाडीच्या हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचं तसंच, एमएच ११, एमएच ५० की एमएच १०, कुठलीही गाडी असो, सुरुवात परिवहन विभागाच्या वेबसाईटवरनं करायची, तिथनंच ती नेमलेल्या कंपनीच्या पानावर नेते, थेट सर्चमधनं जायचं नाही. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या दुचाकीला जीएसटी धरून ५३१ रुपये आणि चारचाकीला ८७९ रुपये १० पैसे असा दर ठरलेला होता, त्यापेक्षा जास्त मागितले की थांबा. आणि सर्चमध्ये प्रायोजित लिहिलेल्या लिंकवर सरकारी कामासाठी जाऊच नका, त्या जाहिरातीशेजारी तीन टिंबं असतात तिथनं तिची तक्रार करता येते, दोन मिनिटं लागतात.

वहिनींच्या सर्टिफिकेटवर नंबर त्या कंपनीचाच निघाला. उद्योग केंद्रात दोन हेलपाटे झाले पण आता तिथे त्यांचा स्वतःचा नंबर आहे, आणि शेजारच्या बचत गटातल्या चौघींची नोंदणी त्यांनी स्वतःच्या मोबाईलवरनं, स्वयंपाकघरात बसून, फुकट करून दिली.